मुरुमचे मामा आणि सभासदांपुरत्या नोकऱ्या

उभ्या धाराशिव जिल्ह्यात बातमी पोटात ठेवायला सगळ्यात नालायक माणूस कोण, असं कुणी विचारलं, तर मी जराही न अडखळता आमच्या मामेसासऱ्यांकडे बोट दाखवीन. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे मामा. मुरुमला राहतात. सगळी नोकरी एसटीत झाली आणि तिची शेवटची पंधरा-सोळा वर्षं स्टँडवरच्या केबिनमध्ये बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी माइक तिथंच राहिला, आवाज तेवढा ते घरी घेऊन आले. मामींनी चहा केला की "चहा तयार हाय, घेणारांनी चुलीपाशी यावं," अशी घोषणा होते आणि शेजारचे बसवराजअण्णा, आपल्यालाच बोलावलं असं समजून, खरोखर येतात. माझ्या लग्नात दोन मंगलाष्टकांच्या मधल्या विसाव्यात त्यांनी "उमरग्याच्या पाहुण्यांची जीप शाळेच्या मागं उभी हाय, नोंद घ्यावी," असं इतक्या सुरात सांगितलं की अर्ध्या मांडवानं त्यावरही अक्षता टाकल्या.

केबिनमधल्या फळ्यावर गाड्यांच्या वेळा लिहायची सवय असल्यामुळं खिशात कायम खडू. मामी म्हणतात, "ह्यांचा शर्ट बुडीवला की बादलीत नुसतं दूध व्हतंय बगा." पण मामांची खरी ओढ नोकरीच्या जाहिरातींकडे. पेपरातल्या, दवाखान्याच्या दारावरच्या, दुकानाच्या काचेवर चिकटवलेल्या, कुठलीही जाहिरात दिसली की ती ज्याच्या कामाची आहे त्या माणसापर्यंत पोचवल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. आणि तो माणूस सापडला नाही, तर दिसेल त्याला ते सांगतात. एकदा हेल्मेट नाही म्हणून हवालदारानं त्यांना थांबवलं, तर त्यालाच त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात बारावी सायन्स झाल्यालं कुणी हाय का? फॉर्मची आज शेवटची तारीख हाय." हवालदाराची बहीण निघाली. पावती फाटायची राहिली, आणि तो रस्त्याच्या कडेला उभा राहून घरी फोन लावत बसला.

तर अशा माणसाला आम्ही समाजाच्या वेबसाइटवर सभासद करून घेतलं, ही चूक आमचीच.

ही वेबसाइट पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या समाजातल्या पोरांनी बनवली. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणाऱ्या घरांतली ही पहिली शिकलेली पोरं. कुठं जागा निघाली की त्यांनी तिथं टाकायची आणि आपल्या मुलामुलींनी पाहायची, एवढाच हेतू. जिल्ह्याच्या मंडळात मी होतो. उमरग्याला शाळेत मास्तर असल्यामुळं लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि "या विभागातील माहिती फक्त सभासदांना दिसेल" हे वाक्य माझ्याच हातचं. ते मी उगाच लिहिलं नव्हतं. सुरुवातीला सगळं उघडं होतं, तेव्हा एका मुलीचा नंबर भलत्याच लोकांच्या हाती लागून तिला फोन बंद करून बसावं लागलं होतं. शिवाय मंडळींचं म्हणणं होतं की आपल्या पोरांना आजवर कुणी काही सांगितलं नाही, आता चार गोष्टी आधी त्यांना कळू द्या. मलाही ते पटलं होतं. आजही मला ते पूर्ण चुकीचं वाटत नाही.

मामांना मात्र ते पहिल्या दिवसापासून कळलंच नाही. रोज सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन ते मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरत आणि नवीन जागा मोठ्यानं वाचून दाखवत. नंतर त्या हॉटेलवाल्याच्या फळ्यावर, "गरम भजी"च्या खाली, सुंदर अक्षरात लिहून काढत. मी त्यांना दोनदा समजावलं.

"मामा, हे आपल्या सभासदांपुरतं आहे."

"व्हय की जावईबापू. सभासदांनी बी ऐकावं की. म्या कुठं न्हाय म्हणतोय?"

अशात उमरग्याच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियनची एक जागा निघाली. एकच. मामांची नात पल्लवी हाच कोर्स करून वर्षभर घरी बसली होती. लहानपणापासून ती मामा-मामींकडेच वाढली. तिनं वेबसाइटवर जागा पाहिली, अर्ज केला, मामींनी कुलदैवताला नारळ बोलला. आणि त्याच सकाळी मामांनी ती जागा हॉटेलात वाचून दाखवली, फळ्यावर लिहिली, खाली दवाखान्याचा नंबरसुद्धा दिला. सास्तूरची एक मुलगी गाडीची वाट बघत तिथं उभी होती. आमच्या समाजाची नाही, सभासद असायचा प्रश्नच नाही. तिनं फळ्याचा फोटो काढला, मुलाखतीला गेली, आणि जागा तिला मिळाली.

पल्लवीला हे दवाखान्यातच कळलं, कारण ती मुलगी तिच्याच शेजारी बाकावर बसली होती आणि मुरुमच्या फळ्यावर वाचून आले असं तिनंच भोळेपणानं सांगितलं. पल्लवी घरी आली. मामांसमोर उभी राहून म्हणाली, "आबा, तुमाला सगळं जग दिसलं, म्या तेवढी दिसले न्हाय." त्यानंतर तिनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, गोळ्या हातावर ठेवायची, पण शब्द नाही. महिन्याभरानं लातूरला एका लॅबमध्ये तिचं काम जमलं आणि ती निघून गेली. जाताना मामींच्या पाया पडली, मामांच्याही पडली, पण मान वर केली नाही.

मंडळाची बैठक झाली ती या सगळ्याच्या मधोमध, पल्लवी अजून घरीच असताना. मामा कडक इस्त्रीचे कपडे घालून आले होते. मी विषय वाचला. माझ्याच सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला सभासदांतून काढायचा तो ठराव होता. एकानं विचारलं, "मामा, तुमच्या नातीचंच नुकसान झालं की हो. तरी तुमाला चूक वाटत न्हाय?"

मामा म्हणाले, "वाईट लई वाटतंय. रात्री झोप न्हाय. पर म्या सोनारीच्या माळावर मेंढरं राखत व्हतो तवा एका वाटसरूनं मला सांगितलं, एसटीत भरती हाय, जा. त्यानं माझी जात इचारली न्हाय, म्या त्याची न्हाय. त्यानं गप बसायचं ठरीवलं असतं तर आज ह्या खुर्चीवर म्या नसतो, न् माझी नात कॉलेजात गेली नसती. आता कुणाला सांगू नगं, म्हंता, ते मला जमत न्हाय. तुमचा नियम बी खोटा न्हाय. मला काढा."

ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर सगळ्यात आधी मामांचा हात वर गेला. मीही हात वर केला. तो हात पुढं कित्येक दिवस मला जड वाटत होता.

पुढं आम्ही मधला मार्ग काढला. जागा कोणती, कुठं, हे सगळ्यांना दिसेल. संपर्क मात्र सभासदांनाच. मामांना सांगायला गेलो, तर म्हणाले, "म्हंजी गाडी दिसंल, दार बंद." आणि स्वतःच हसले. पण त्या हसण्यात पूर्वीचा जोर नव्हता. हॉटेलात जाणं त्यांनी कमी केलं होतं. मामी म्हणाल्या, जेवताना मधेच थांबतात आणि लातूरला किती ऊन असंल हो, असं विचारतात.

गेल्या महिन्यात वेबसाइटवर लातूरची एक जागा आली. पल्लवीच्याच लॅबमधली. टाकणारी पल्लवी. खाली तिनं मला निरोप लिहिला होता: "काका, ह्याचा नंबर पण सगळ्यांना दिसू द्या. माझाच टाकलाय. कुणी त्रास दिला तर मी बघून घेईन." मी नियम पाहिला, मंडळातल्या कुणालाही विचारलं नाही, आणि नंबर उघडा केला. मग मोटारसायकल काढून मुरुमला गेलो.

मामांनी चष्मा पुसून माझ्या मोबाइलवर ती जाहिरात आणि तिचा निरोप दोनदा वाचला. म्हणाले, "तिथं मेसचं जेवण बरं हाय का, इचारता का जरा?"

"तुम्हीच विचारा की," मी म्हटलं आणि फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून "आबा?" एवढंच ऐकू आलं. मामा उठले, फोन कानाशी दोन्ही हातांनी धरून अंगणात गेले आणि बाजेवर माझ्याकडे पाठ करून बसले. मी आतच थांबलो. मामींनी माझ्यासमोर चहा आणून ठेवला, आणि त्या दाराशी उभ्या राहून त्या पाठीकडे बघत राहिल्या.