मालक घरी नसलेला राजवाडा

आमच्या घराला दार नव्हतं. ताडकळसच्या पलीकडं आमचं गाव. तिथं एक पत्र्याची खोली होती, पण पिकं निघाली की खोलीला साखळी लावून आई-वडील मेंढरांमागं निघायचे. मग आठ महिने आमचं घर म्हणजे कुणाच्या तरी रानात चार काठ्यांवर ताणलेलं पाल. मालक सांगेल त्या वावरात मेंढरं रातभर बसवायची, त्यांच्या लेंड्यांनी वावराला खत मिळायचं आणि बदल्यात आम्हाला ज्वारी. ज्वारी संपत आली की पुढचं वावर. मी शाळेसाठी आत्याकडं राहायचे आणि सुट्टी लागली की पालावर यायचे.

चौथीत होते. शिमग्याची सुट्टी होती. आमचं पाल तेव्हा मानवतकडच्या एका गावाच्या शिवेला होतं. दुपारी गारा पडायला लागल्या, लिंबाएवढ्या. आई मेंढरांपाशी होती. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, एक कोकरू काखेत मारलं, मला हाताला धरलं आणि पळत रानमालकाचं घर गाठलं. माळवदाचं मोठं घर. सगळी माणसं लग्नाला गेलेली, पण बाहेरचं दार उघडंच होतं. दारातून आत शिरलं की जी ढाळज लागते तिथं आम्ही उभं राहिलो. घटकाभर. गारा थांबल्या, आम्ही निघालो. एवढंच.

तिसऱ्या दिवशी घरातलं मोठं पितळी पातेलं हरवल्याचा बोभाटा झाला. कुणीतरी आम्हाला ढाळजेत बघितलं होतं. चार माणसं पालावर आली. पिठाचं गठुडं उलटं केलं, आईचं लुगडं झटकलं, माझं दप्तरसुद्धा उपडं केलं. दप्तरात पातेलं मावतं का, हे मी विचारलं आणि एक चापट खाल्ली. आबांना त्या घरापुढं उन्हात दिवस मावळेस्तोवर उभं केलं. ते सारखं एकच सांगत होते, "मालक, गारा व्हत्या. लेकरू संगं व्हतं."

दोन दिवसांनी सालगडी आला. "सापडलं म्हनावं," म्हणाला. मालकिणीनंच पातेलं कल्हईला दिलं होतं आणि विसरली होती. 'सापडलं म्हनावं' यापुढं एक शब्द कुणी बोललं नाही.

त्या दिवसापासून आबांनी स्वतःला एक कायदा लावून घेतला. मालकानं दारात येऊन 'ये' म्हटल्याशिवाय उंबऱ्यात पाय टाकायचा नाही. मालक घरी नसला तर पाणीसुद्धा न मागता माघारी फिरायचं. सख्ख्या बहिणीच्या घरून ते असे परत आलेत, भावजी बाजारला गेले होते म्हणून.

मी पदवीधर झाले. आमच्या सगळ्या भावकीत पहिली. परभणीला पदवी घ्यायचा दिवस होता. आई सभागृहात येऊन पहिल्या रांगेत बसली, पोरींना सरकायला लावून. आबा कॉलेजच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभे. "आत कोन वळखीचं हाय?" म्हणाले. मी पदवीचा कागद घेऊन फाटकाबाहेर आले आणि तिथं त्यांना दाखवला. त्यांनी तो हातात न घेता लांबूनच बघितला. मळेल म्हणून.

पुढं परीक्षा देऊन मी तलाठी झाले. सरकारनं आता पदाचं नाव बदललंय, लोक तलाठीच म्हणतात. ज्या घरापुढं आबा उन्हात उभे होते तसल्या घरांत आता मला खुर्ची आणि चहा मिळतो. आबा मात्र माझ्यासाठी डबा घेऊन यायचे आणि ऑफिसच्या बाहेर थांबायचे. कोतवाल आत येऊन सांगायचा, "मॅडम, तुमचे वडील." मी बाहेर जाऊन म्हणायचे, "आबा, आत या की. मीच बोलवायलेय." तर म्हणायचे, "हे तुझं घर हाय का? सरकारचं हाय."

मी डबा घेऊन आत यायचे, आबा माघारी फिरायचे.

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात होती. त्यांच्या वडलांच्या तोंडून त्यांनी हैदराबादच्या राजवाड्याचं ऐकलं होतं. आमच्या मुलुखावर तेव्हा तिकडच्याच राजाचं राज्य होतं. मेंढरांच्या चराईचा पैसा इथं घ्यायचे आणि तो तिकडं जायचा. आबा कधीमधी म्हणायचे, "आपल्या पैशावर त्यो कसा ऱ्हायचा, ते एकदा बघाया पायजे." मी ते धरून ठेवलं. ठरवलं, की आबांना न्यायचंच, आणि मोठ्या दारानं न्यायचं. एवढं मोठं दार एकदा ओलांडलं की बाकीची दारं त्यांना लहान वाटतील, असा माझा हिशेब होता.

सहलीच्या घोळक्यात न्यायचं नव्हतं. घोळका पुढं पळतो, म्हातारी माणसं मागं राहतात आणि मग कुणीतरी वसकन् ओरडतं. म्हणून फोनवर चौकशी करून आमच्या तिघांसाठीच, दिवसभराचा, गाडीसकट वाटाड्या ठरवला. चुलत्याला कळलं तेव्हा तो पारावर सगळ्यांपुढं म्हणाला, "राजवाडा बघायला मानूस भाड्यानं? तुला डोळे न्हाईत का गं?"

"डोळे हायेत काका," मी म्हणाले, "पर तुमच्यावानी सगळंच ठावं न्हाई मला."

परभणीहून रेल्वेनं गेलो, सकाळी उतरलो. वाटाड्या स्टेशनवर हजर होता. साठीचा, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, तोंडात दखनी बोली. आबांचं धोतर, फेटा, काठी आणि खांद्यावरची घोंगडी बघून त्यानं सलाम केला आणि म्हणाला, "आवो चाचा, थके तो नईं ना?" आबांना ती बोली बाजारातल्या खाटकांमुळं चांगली येते. "नक्को पूछो, सीटां लय सख्त हैं," आबा म्हणाले. दोघांचं तिथंच जमलं.

फाटकावर काठी ठेवून घेतली आणि बदल्यात नंबरचा बिल्ला दिला. काठी दिल्यावर आबांचे हात मोकळे पडले. ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळेना. बागेतून, कारंज्याच्या कडेनं आम्ही मुख्य दाराशी आलो. पांढऱ्या पायऱ्या, वर कमान. आई आणि मी पायऱ्या चढलो. मागं बघते तर आबा खाली उभे.

"आबा, चला."

"मालकाला सांगितलं का?"

मला आधी कळलंच नाही. वाटाड्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, "मालिक लोगां अब यां नईं रैते, चाचा. कबके गए."

"घरी कोनीच न्हाई?"

"कोई नईं. आरामसे देखो."

"मग त न्हाईच," आबा म्हणाले आणि दोन पावलं मागं सरकले.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. रेल्वे, गाडी, वाटाड्या, आबांच्या गुडघ्याचं मलम, सगळं मी बघितलं होतं. पण मी आबांना आणलं होतं अशा घरी, ज्याचा मालक कधीच दारात येणार नव्हता. माझ्याएवढी शिकलेली बाई अशी चूक करते.

"आबा, तिकीट काढलंय आपण." मी पायऱ्या उतरून त्यांच्यापुढं तिकीट धरलं.

"तिकीट बसचं असतंय, घराचं न्हाई."

"सगळे जायलेत की आत. ते बघा."

"त्यास्नी कोनी काही म्हनत न्हाई." मग एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, आतलं काही हरवलं त?"

तीस वर्षं झाली त्या पातेल्याला. रडायला मी तिथवर गेले नव्हते. वाटाड्या बिचारा भला माणूस. त्यानं विचारलं, की बाहेरून फिरवून सगळं सांगू का, खिडक्यांतून बरंच दिसतं.

"न्हाई," मी म्हणाले. "बाहेरून आमी लय बघितलंय." आणि मी खालच्या पायरीवर बसले. "आबा, तुमी आत येईस्तोवर मी बी बाहेरच. दिवसभराचा मानूस ठरवलाय. बसू दिवसभर."

"हट्टी हायेस."

"कोनाची हाय?"

ऊन चढायला लागलं. शाळेची एक सहल आली, पोरं पायऱ्यांवरून धडाधड आत गेली. दोन बाया आम्हाला वळसा घालून, वळून वळून बघत गेल्या. वाटाड्या सावलीत जाऊन पान लावायला लागला. मी उठले नाही.

आई इतका वेळ वर दारापाशी उभी होती. तिनं पदर नीट केला, उंबरा ओलांडून आत गेली, तिथं वळली आणि घरच्या बाईनं पाहुण्याला बघावं तसं आबांकडं बघत मोठ्यानं म्हणाली, "कोन हाय दारात? आगं बया, पावनं! या की आत. बाहीर काहून थांबलाव?"

आबा कावरेबावरे. "आगं, हळू! तुझं घर हाय का हे?"

"तुमच्या घराला कुठं दार व्हतं मला मालकीन व्हायला?" आई म्हणाली. "आज गावलंय त होऊ द्या घटकाभर. या म्हनते ना. का पायघड्या घालू?"

वाटाड्या हसून हसून पान थुंकायला पळाला. परत येऊन तो आईच्या शेजारी उभा राहिला, छातीवर हात ठेवून कमरेत वाकला आणि म्हणाला, "बेगमसाब बुलारईं चाचा. अब तो आवोच."

आबा हसले. फेट्याचा शेव तोंडाला लावून हसले, मग वहाणा काढायला वाकले. वाटाड्या म्हणाला, "नक्को, पैनके आवो, यां सब पैनकेच आते." आबांनी त्याचं ऐकलं नाही. उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला, वहाणा हातात घेतल्या आणि उजवा पाय आत टाकला. मी पायरीवरून उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या.

आत दरबाराचं मोठं दालन. छताला काचेची झुंबरं, एकाला लागून एक. वाटाड्यानं कुठल्या राजानं काय बांधलं ते सांगायला सुरुवात केली, पण आबांचे प्रश्न वेगळे होते. एवढ्या उंचावरची काच पुसायचं कोण? शिडीवरून माणूस पडायचा का? कारंज्याला पाणी कुठून आणायचे? जनावरं कुठं बांधायचे? वाटाड्या म्हणाला, की इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही. काही त्याला ठाऊक होतं, काही त्यानं कागदावर लिहून घेतलं. भिंतीवर लोकरीचा गालिचा टांगला होता. आबा त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "साधी लोकर न्हाई ही. पहिल्या कातरनीची हाय, कोकराची." खरं-खोटं सांगायला तिथं कुणी नव्हतं. मी आबांवर विश्वास ठेवते.

पण एक गोष्ट मला दिसत होती. प्रत्येक खोलीत शिरताना आबा दोन्ही हात पाठीमागं बांधायचे. वहाणा त्याच हातात. पहारेकऱ्याकडं पाठ करून, त्याला हात दिसावेत असं उभं राहायचे.

मग भांड्यांची खोली लागली. काचेच्या कपाटांत चिनीमातीच्या थाळ्या, सुरया आणि एका बाजूला पितळी भांडी. एक पातेलंही होतं, चांगलं घेराचं. आबा कपाटासमोर थांबले. आईनं माझ्याकडं बघितलं. दाराशी खुर्ची टाकून एक पोरगेला पहारेकरी बसला होता. आबा त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मोजून घ्या बरं का, साहेब. आमी जायलोय आता."

त्याला काही कळलं नाही. वाटाड्यानं सांगितलं तसा तो हसला, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बराबर है चाचा, सब बराबर है."

"बराबर हाय म्हनला," आबांनी आईला सांगितलं. ते आईलाही ऐकू आलं होतं. तरी तिनं विचारलं, "काय म्हनला?" आणि आबांनी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.

त्यानंतर हात पुढं आले. वहाणा त्यांनी पायात घातल्या. जुन्या गाड्या, तलवारी, घड्याळाचा मनोरा, सगळं बोट करून करून आईला दाखवत होते, जणू वाटाड्या तेच होते. खरा वाटाड्या माझ्यासोबत मागून चालत होता. शेवटच्या खोलीपर्यंत एकही खोली आम्ही सोडली नाही. बाहेर पडताना बाजूचं दार जवळ होतं, सगळे तिकडून चालले होते. आबा म्हणाले, "जितून आलाव, तितूनच." मोठ्या दारानंच उतरलो. फाटकावर बिल्ला देऊन काठी घेतली.

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात सातबाऱ्याची कामं करत बसले होते. गर्दी होती. दार लोटल्याचा आवाज आला, मला वाटलं कोतवाल. वर बघितलं तर आबा, हातात डबा. लोकांतून वाट काढत टेबलापर्यंत आले.

"खुर्ची रिकामी हाय का ही?"

"हाय."

आबा आत आले होते. ते खुर्चीवर बसले.