पोलादपूरच्या वाडीतलं विमानाचं पाकीट

पोलादपूरकडच्या ओळखीच्या सुरेशने व्हॉट्सअॅपवर एका जुन्या पाकिटाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'ताई, एकदा येऊन बघा', आणि मी बॅग भरली. नव्या मार्गावर विमान पहिल्यांदा उडतं, तेव्हा त्यातून गेलेली टपालाची पाकिटं मी जमवते, तीही वैमानिकाच्या सहीची. सुरेशचे आजोबा मुंबईच्या विमानतळावर हमाल होते. एका वैमानिकाने त्यांच्या नावाने असं पाकीट सही करून धाडलं आणि ते परदेश फिरून पोलादपूरच्या वरच्या वाडीत पोचलं. हमालाच्या नावाचं पाकीट! मला ते हवंच होतं.

पुण्याहून निघणार असाल तर वरंध घाट चालू आहे का, ते आधी विचारा. मला अर्ध्यातून माघारी फिरून ताम्हिणीने यावं लागलं. एक फलक लावायला काय जातं हो यांचं? महाडच्या एसटी स्टँडसमोरची मिसळ तेवढी झकास. पोलादपूरहून पुढे शेअर जीप, माणशी पन्नास रुपये, आणि रस्ता असा की कंबर ढिली होते.

सुरेशच्या आई दारातच उभ्या होत्या, मी त्यांना काकी म्हणते. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, बसायला नवी चटई. जेवण झाल्यावर सुरेशने पाकीट आणलं. चकचकीत, प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद.

"लॅमिनेशन केलं, ताई! तुम्ही येणार म्हणून काल खास महाडला गेलो. एकदम फर्स्ट क्लास!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पावसाळी हवेने ओलसर झालेला कागद त्या गरम यंत्रातून गेला होता आणि सहीचा नुसता निळा डाग उरला होता. "कोणी सांगितलं होतं तुम्हाला? वाटोळं केलंत त्याचं!" मी ओरडलेच. सुरेशचा चेहरा उतरला.

"रागवू नको गो बाय," काकी म्हणाल्या. "पावसात घर गळतंय, म्हणून आजवर भाताच्या कणगीत ठेवलेला. आता भितीवर लावू. मामंजींचा नाव हाय त्याच्यावर."

"मग मला कशाला बोलावलंत?"

"सायबाची सही आम्हाला वाचता येत नाय. त्याचा नाव काय, तेवढा तू सांगशील म्हणून."

कप्पाळ! सुरेशने आधी पाठवलेला फोटो मी मोबाइलवर मोठा केला आणि वैमानिकाचं नाव वाचून दाखवलं. काकींनी ते दोनदा म्हणून बघितलं.

घरी येऊन आठवडा झाला, राग काही गेलेला नाही. त्या लॅमिनेशनवाल्याला तर मी मनातल्या मनात रोज झापते. काल माझी पाकिटं कपाटातून काढली. एकाही सहीची शाई हललेली नाही. आणि सगळी परक्यांच्या नावांची! माझ्या घरच्या कोणाचं नाव एकावरही नाही, आणि खरा संताप येतोय तो याचाच.