जळालेलं शेवटचं रीळ

जुन्नरच्या बाजारात जलालभाईंचं गाद्यांचं दुकान. गादी भरून हवी असेल तर आधी सिनेमावरचं त्यांचं प्रवचन ऐकायचं, त्याशिवाय सुटका नाही. गाजलेल्या सिनेमांचं नाव काढलं की माणूस पेटायचाच. "गोळी लागल्यावर भाषण ठोकतो, त्यो कसला हिरो? मरायचं तर मर की गपगुमान!" त्यांचा लाडका सिनेमा होता 'माळावरची जना'. तो कुणी पाहिला नव्हता, कुणाला ठाऊकही नव्हता. जलालभाईंनी मात्र तरुणपणी आळे, आणे, घोडेगाव अशा गावांच्या जत्रेत, जिथं फिरत्या सिनेमाचा तंबू लागेल तिथं जाऊन तो पाहिला होता.

"शेवट बघावा तर त्याचा!" ते म्हणायचे. "बहीण भावाच्या मनाविरुद्ध लगीन करून निघते. भाऊ दारात उभा. हाक न्हाई, काय न्हाई. ती टेकडी उतरते, आन् पडदा काळा! रडारड न्हाई, गाणं न्हाई. ह्याला म्हनत्यात मानी माणूस."

आता हे नुसतं मत असतं तर कोण कशाला बोलतंय? पण त्यांची धाकटी बहीण जहाँआरा स्वतःच्या पसंतीनं लग्न करून घोडेगावला निघाली, तेव्हा जलालभाई दारात अगदी तस्सेच उभे राहिले. चौकटीला हात लावून, मान ताठ. हाक मारलीच नाही. पुढं भावाबहिणीला आपापल्या घरी नातवंडं झाली. घोडेगाव ते काय लांब आहे? पण ना येणं, ना जाणं.

परवा दुपारी सून उजमा मोबाईल घेऊन दुकानात आली. "अब्बा, तुमचा सिनेमा सापडला!" शेजारी कुशाबा चहा पीत बसला होता. त्या तंबूतलं सिनेमाचं मशीन एके काळी हाच चालवायचा. सिनेमा शेवटाला आला. बहीण निघाली, भाऊ दारात, ती टेकडी उतरली.

"बघा आता, पडदा काळा!" जलालभाईंनी बोट वर केलं.

कसला काळा? भाऊ चौकट सोडून अनवाणी धावत सुटला. ठेचकाळला, पडला, उठला आणि बहिणीला गाठून तिच्यापुढं ढसाढसा रडला. वर गाणं!

"आँ? ह्ये कुणी घुसडलं?" जलालभाई ओरडलेच. "खोटं हाये ह्ये!"

कुशाबा ओशाळून हसला. "खोटं न्हाई, राव. आमच्याकडं शेवटचं रीळच नव्हतं. मशीनमधी अडकून जळलं व्हतं. मालक म्हनला, चालवा तसंच. लोकं डोळं पुसत बाहेर पडायची, मंग कशाला सांगायचं?"

"आन् मला? मला बी न्हाई सांगितलंस?"

"तुमी लई तारीफ करायचा त्या शेवटाची. जीभच उचलली न्हाई."

जलालभाईंनी तो शेवट पुन्हा एकदा लावायला सांगितला. एक रीळ जळलं म्हणून? एवढ्यासाठी? या अल्ला! मग ते उजमाला म्हणाले, "जहाँआराचा नंबर कुणाकडं असंल?"

नंबर उजमाकडेच निघाला. घरातल्या बायका कधीपासून जहाँआराशी बोलत होत्या, हा आणखी एक धक्का. उजमानं फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"जहाँआरा, मी बोलतोय. त्या दिवशी मी तुला..."

"भाई," ती म्हणाली, "त्या दिवशी स्टँडवर बसून मी दोन गाड्या सोडल्या व्हत्या. वाटलं, येशील."