मुरत घातलेलं पाणी

देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंतचा अख्खा किनारा पालथा घातला, तरी माझ्या भावोजींइतका शांतपणे दुसऱ्याचं डोकं फिरवणारा माणूस सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीस वर्षं त्यांनी बोटीवर इंजिनखात्यात काढली आणि तिथे काट्यांवर नजर ठेवायची जी सवय लागली, ती निवृत्त होताना सामानाबरोबर मालवणला घेऊन आले. विहिरीचं पाणी किती उतरलं हे ते काठीवर खुणा करून रोज बघतात. चहा उकळताना यांच्या हातात घड्याळ. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं संपली, भटजींनी अंतरपाट धरणाऱ्यांना खूण केली, तर हे पुढे होऊन म्हणाले, "अजून चाळीस सेकंद आसत." अख्खा मांडव मुठीत अक्षता आवळून उभा राहिला. भटजीसुद्धा थांबले, याचा मला आजही राग आहे.

गेल्या वर्षी ताईच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती काठी घेऊन घरात फिरू लागली, पण दोनशे पावलांवरच्या पुळणीपर्यंत, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूपर्यंत, जाणं तिला जमेना. बोटीवर असताना भावोजी तिला पत्रांतून आणि फोनवरून कुठकुठल्या समुद्रांतल्या प्रवाळांचं, त्यांत लपणाऱ्या नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांचं वर्णन ऐकवायचे आणि एकदा तुला दाखवीन म्हणायचे. ते राहूनच गेलं होतं. तेव्हा भावोजींनी ठरवलं की पडवीत काचेची मोठी टाकी ठेवायची आणि तो समुद्रच ताईच्या खुर्चीसमोर आणायचा. विचार चांगला होता. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. समुद्र अंगणात येऊन गाजतोय आणि या गृहस्थांनी टाकीसाठी खारं पाणी घरी तयार केलं! आधी यंत्र लावून विहिरीच्या चांगल्या गोड्या पाण्यातले सगळे क्षार काढले आणि मग त्याच पाण्यात पिशवीतलं मीठ मोजून घातलं. किनाऱ्याच्या पाण्यात होड्यांचं डिझेल असतं, म्हणे. दगडही मुंबईहून मागवले. पायाखाली जांभा पसरलेल्या आमच्या जिल्ह्यात दगड कुरियरने आलेले बघून माझी तर मान खाली गेली. आणि एवढं सगळं मांडून झाल्यावर यांनी मासे आणलेच नाहीत. मी आचऱ्याहून ताईसाठी म्हणून ताजी सुंगटं, म्हणजे कोळंबी, नेली होती. भावोजींनी त्यातलं सगळ्यात टपोरं सुंगट उचललं आणि टाकीत टाकून दिलं. कुजायला! मालवणात, शुद्धीवर असलेल्या माणसाने!

विचारल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. सुंगट कुजलं की पाण्यात अमोनिया होतो, तो खाणारे जिवाणू दगडांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती नीट बसल्याशिवाय टाकीत सोडलेला मासा स्वतःच्याच घाणीने मरतो. "पानी मुरतला तेवाच मासो सोडूचो," असं म्हणून त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीने पहिल्या दिवसाचा एकचा आकडा काढला. मग रोज सकाळी नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, त्यात थेंब टाकायचे, रंग बघायचा, कॅलेंडरात टिपायचं. लोणचंसुद्धा इतक्या दिवसांत मुरून संपतं. ताई आपली खुर्चीत बसून रिकाम्या पाण्याकडे बघायची, आणि मला तिची ती नजर बघवत नसे. पाचव्या आठवड्यात काचेवर आणि दगडांवर तपकिरी थर चढला. भावोजींच्या मते हे शुभलक्षण होतं.

एका सकाळी नळीतला रंग बघून ते घाईघाईने कपडे करून निघाले. कणकवलीला काम आहे, ताईजवळ थांब, एवढंच मला म्हणाले, आणि दारातून वळून, "टाकीक हात लावू नको." हे वाक्य ते रेडिओपासून कुकरपर्यंत सगळ्याच वस्तूंबद्दल बोलतात, म्हणून मी मनावर घेतलं नाही. ताई जेवून आत झोपली होती. तिने उठावं आणि निदान काच तरी लख्ख दिसावी, एवढाच माझा हेतू. मी टाकी उपसली, दगड बाहेर काढले, भांड्यांचा साबण लावून नारळाच्या सोडणाने एकेक घासला, विहिरीच्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवला, आणि समुद्रावरून कळशांनी पाणी आणून टाकी भरली. पाच आठवड्यांत यांना जमलं नाही ते मी तीन तासांत केलं, म्हणून मी ऐटीत पडवीत बसलो होतो.

भावोजी रिक्षातून उतरले ते थर्माकोलची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्या सकाळी नळीतला रंग अखेर हवा तसा आला होता. आधीच सांगून ठेवलेले मासे मुंबईच्या गाडीने कणकवलीला येणार होते आणि ताईला त्याची कुणकूणही लागू द्यायची नव्हती. पेटीतल्या पिशवीत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची जोडी फिरत होती. त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग उन्हात पांढरेशुभ्र झालेल्या दगडांकडे.

"घाण नाय रे," ते हळूच म्हणाले, "वस्ती धुतलंस."

बस्स. एक शिवी नाही, आवाज चढवणं नाही. मला चार शब्द सुनावले असते तर मीही चार सुनावले असते. ते त्याच रिक्षात पेटी घेऊन बसले आणि सावंतवाडीला त्यांचा एक मासे पाळणारा ओळखीचा आहे, त्याच्या टाकीत जोडी सांभाळायला देऊन रात्री परतले. मग पुन्हा गोडं पाणी, पुन्हा मीठ, पुन्हा पेन्सिलीने कॅलेंडरात एकचा आकडा. मला ते असह्य झालं. मी ताईला म्हटलं, मला निदान तू तरी बोल.

ताई म्हणाली, "गप रे. इतकी वर्सां मी हंयसर एकटीच वाट बघत होतंय. आता दोघांय मिळान बघतंव."

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून सुंगटं आणली. वाट्यातलं सगळ्यात टपोरं निवडलं आणि टाकीपासून हातभर लांब उभा राहून भावोजींच्या हातात दिलं. त्यांनी ते पाण्यात सोडलं, खुर्ची ओढून ताईच्या खुर्चीला लावली, आणि दोघंही त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसली.