होडीचा नवा पंखा
शेजारच्या फटफटीतून पेट्रोलचा वास आला की सत्तर-एकाहत्तर सालचा आमचा धरणकाठ आठवतो. धरणाच्या साठलेल्या पाण्यापलीकडच्या बाजाराला माणसं नेणारी मोटरहोडी आमचे हे चालवायचे. मिस्त्रीने तिला पाण्याखाली फिरणारा, जास्त पिळाच्या पात्यांचा नवा पंखा बसवला, तशी रिकामी होडी सुसाट पळाली. "वैनी, यष्टीला मागं टाकती बघा!" तो ओरडला. रिकामं जातंही असंच गरगर फिरतं, दाणे पडले की हात भरून येतात, हे मला ठाऊक होतं. मी हळूच म्हणाले, "पोती भरून बघा की." "आता बायकोकडनं शिकू व्हय?" हे हसले. बाजारच्या दिवशी होडी माणसांनी भरली. होडीत बसलेल्या सासूबाईंनी माझ्या कडेवरच्या नातवाला घ्यायला हात पुढे केले, तर मी म्हणाले, "नको आत्याबाई, अंग तापलंय त्याचं." पोराचं अंग गार होतं. भर पाण्यात ओझ्याने इंजिन घुसमटून बंद पडलं आणि वाऱ्याने होडी खडकांकडे सरकू लागली. काठावर मी पदर तोंडात धरून उभी होते. यांनी वल्ही मारून होडी कशीबशी काठाला आणली. लाटांनी चिंब झालेल्या सासूबाई उतरल्या आणि आधी पोराच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "उतरला गं बाई ताप." मी नुसती मान हलवली. आता त्या नाहीत. मनात भीती असूनही मी फक्त माझं पोर काठावर ठेवलं, हे आज पहिल्यांदाच लिहिते आहे.