चर्चच्या हॉलमध्ये आई पेशंट झाली

मंडळी, पुढच्या महिन्यात लंडनमधल्या आमच्या ईलिंगच्या चर्चची टीम मेळघाटातल्या एका गावात मेडिकल कॅम्पला जातेय. मी नर्स आणि दुभाषीही. आज हॉलमध्ये तालीम होती, म्हणून जवळच वेगळ्या राहणाऱ्या आईला बोलावून पेशंट केलं.

टीममधल्या इंग्रज डॉक्टरांचा प्रश्न मी मराठीत विचारला, "काय त्रास होतो?"

"काही नाही, बरं आहे."

"आई, पेशंटसारखं बोल ना!"

"तशीच बोलतेय. परक्या पुरुषासमोर बाई लगेच सांगेल का? त्यांना चहाला पाठव, जवळ बस, मग विचार."

डॉक्टर गेले. मी खुर्ची ओढली. "बोला मावशी."

"गुडघा फार दुखतो. जिना चढवत नाही."

"मस्त जमलं की!"

"अगं, खरंच दुखतो."

रोज फोनवर ती मला "बरी आहे" म्हणते. तुम्ही तुमच्या आईला दुसऱ्यांदा विचारता का?