माझा फॉर्म, फोरमनमार्फत

आमच्या लहानपणी झाशीत करिअर मार्गदर्शन नावाची चीज नव्हती; बडे बाबू होते. रेल्वेच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आमच्याच मराठी मंडळींपैकी, रेल्वे कॉलनीच्या भिंतीपलीकडे घर बांधून राहिलेले. निकाल लागला की कॉलनीतली पोरं बापामागोमाग त्यांच्या ओसरीवर जाऊन उभी राहत. बडे बाबू गुण विचारत नसत. लांबच्या सिग्नलकडे बोट करून त्याचा हात वर आहे की खाली, एवढंच विचारत. ज्याला दिसलं तो इंजिनावर, ज्याला नाही दिसलं तो बुकिंग ऑफिसात. मुलींना सिग्नलचाही त्रास नव्हता. त्यांना ते सरळ शिवणाच्या वर्गाला पाठवून मोकळे होत.

मी इंटर, म्हणजे आमच्याकडची बारावी, पास झाले तेव्हा बाबांबरोबर त्यांच्याकडे गेले आणि त्यांनी विचारायच्या आधीच मी म्हटलं, "हात खाली आहे, पंचेचाळीस अंशांत." जिभेला हाड नव्हतंच माझ्या. बडे बाबू बाबांना म्हणाले, "लड़की तेज आहे हो तुमची. जरा सांभाळा."

बाबा लोकोशेडमध्ये इंजिनाच्या बॉयलरचे फिटर. चौथीपर्यंत शिकलेले, नाकासमोर चालणारे. साहेबाच्या रिकाम्या खुर्चीलाही सलाम करतील असे. पण गणितात मला जिल्ह्यात सगळ्यांत जास्त गुण पडले हे त्यांचं शेडमधल्या झाडूवाल्यापासून फोरमनपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. आमच्या गणिताच्या बहेनजींनी त्यांना शाळेत बोलावून घेतलं आणि सांगितलं, हिला कानपूरच्या पुढे विद्यापीठात पाठवा, बी.एस्सी.ला. फॉर्मही त्यांनीच मागवून दिला. आईने एका अटीवर मान हलवली. या वर्षी प्रवेश मिळाला तर ठीक, नाही तर मामाने ग्वाल्हेरचं जे स्थळ आणलंय ते बघायचं. म्हणजे माझ्यापुढे दोनच गावं होती, आणि ग्वाल्हेरला मला जायचं नव्हतं.

फॉर्म भरायला आम्ही अर्थातच बडे बाबूंकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, नवीन निब लावलं आणि दोन दिवस खपून फॉर्मला एक अर्ज जोडला. इंग्रजी असं, की वाचताना आपोआप ताठ उभं राहावं. मग वर डाव्या कोपऱ्यात लिहिलं, 'थ्रू प्रॉपर चॅनल.' रेल्वेच्या माणसाला हे शब्द म्हणजे गायत्री मंत्र. रजा असो, बदली असो, क्वार्टरचं गळकं छप्पर असो, कागद आधी वरिष्ठाकडे, तिथून त्याच्या वरिष्ठाकडे. मधली एक पायरी गाळली तर उद्धटपणाचा ठपका. बाबांनी दुसऱ्या दिवशी माझा फॉर्म, गुणपत्रिका आणि तो देखणा अर्ज फोरमनच्या हातात दिला आणि घरी येऊन समाधानाने सांगितलं, "कागद रवाना झाला."

मीही समाधानाने बसले. स्वतःला तेज म्हणवणाऱ्या मुलीला एक प्रश्न पडायला नको का, की विद्यापीठाचा आणि लोकोशेडचा संबंध काय? नाही पडला. त्या कॉलनीत जन्मलेल्या कुणालाच पडला नसता. आम्हाला वाटे, जगातले सगळे कागद असेच वर चढतात.

तीन आठवडे गेले. माझ्याच वर्गातल्या, छावणीतल्या एका डॉक्टरांच्या मुलीला, फॉर्म पोहोचल्याचं, विद्यापीठाचं पत्र आलं. तिने फॉर्म कसा पाठवला हे मी विचारलं. ती म्हणाली, "पोस्टाने. और कैसे?"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शेवटची तारीख शनिवार, आणि आज गुरुवार. घरी येऊन मी बाबांवर चिडले, नको तेवढी चिडले. म्हटलं, "विद्यापीठ काही तुमच्या रेल्वेचं नाही बाबा. तिथे फोरमन नसतो."  बाबा हळूच म्हणाले, "तुला इंजिनावर नाही चढायचं, हे माझ्या ध्यानातच नाही आलं बघ." मला आजही ते वाक्य आठवलं की स्वतःची लाज वाटते.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं शेडमध्ये गेलो. फोरमनने कागद कधीच वर पाठवला होता. तिथून आम्ही डिव्हिजनच्या कचेरीत गेलो. बाबा उभ्या नोकरीत तो जिना चढले नव्हते. दारावरचा चपरासी ओळखीचा निघाला. "काय दद्दा, इतै कैसें?" त्याने विचारलं, इकडे कसे म्हणून. बाबांनी काम सांगितलं. आतल्या क्लार्कने फाइल शोधली, उघडली आणि म्हणाला की बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्यात, फक्त मोठ्या साहेबांची राहिली आहे. साहेब लाइनवर तपासणीला गेलेत. सोमवारी येतील.

"कल आख़िरी तारीख़ है," बाबा म्हणाले.

"तो क्या करें? फाइल का कागज बाहर नहीं जाता."

बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी टेबलावरची फाइल स्वतःकडे ओढली, टॅग सोडला आणि माझे सगळे कागद काढून घेतले. क्लार्क उभाच राहिला. बाबांनी त्याचाच टाक घेऊन फाइलच्या पुठ्ठ्यावर हिंदीत लिहिलं, 'कागज मैंने लिए', खाली सही केली, आणि त्याला नमस्कार करून जिना उतरले. पावती ठेवल्याशिवाय बंड करणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. मला इतका अभिमान वाटला की जिन्यावर मी त्यांच्या पुढे नाही, मागे चालले.

फुकट प्रवासाचा पास काढायला वेळ नव्हता. रेल्वेच्या माणसाने तिकीट विकत घेणं म्हणजे हलवायाने पेढे विकत आणणं. तरी बाबा खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले, ओळखीचे लोक बघत असताना. गाडीत आम्ही फारसं बोललो नाही. कागद त्यांनी सदऱ्याच्या आत ठेवले होते आणि दर स्टेशनाला हात लावून बघत होते.

शनिवारी विद्यापीठाच्या खिडकीवर एक म्हातारे बाबू बसले होते. त्यांनी फॉर्म घेतला, मग तो अर्ज उलटला. मागे चार शिक्के आणि शेरे होते. फोरमनने लिहिलं होतं, 'कर्मचाऱ्याचं काम उत्तम, मुलगीही तशीच असावी. शिफारस.' बाबू मोठ्याने हसले. "ये लड़की का दाख़िला है या इंजन की मरम्मत?"

मागची मुलं हसली. माझे कान तापले. मी उत्तर देणारच होते, पण बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

बाबूंना गंमत सुचत होती. सगळ्यात खालच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "और ये बड़े साहब की जगह तो ख़ाली है. मंज़ूरी किसकी है फिर?"

बाबांनी तो कागद परत मागून घेतला. खिडकीच्या कट्ट्यावर सरळ केला. माझ्याकडून पेन घेतलं आणि मोठ्या साहेबांच्या रिकाम्या जागेवर, सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत, स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"मेरी," ते म्हणाले, आणि कागद आत सरकवला.